आजोबा सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत होते; आता नागपुरात बसून आम्हाला भरपाई मागता येईल का?

नाही, नातवंडांना कैदेबद्दलची भरपाई मिळत नाही. जपानकडे मागायचा रस्ता भारताने स्वतःच बंद केला: ९ जून १९५२ च्या तहात आपण युद्धभरपाईचे सगळे दावे सोडून दिले. उरला ब्रिटन. तिथल्या सरकारने नोव्हेंबर २००० मध्ये जपानच्या कैदेतून आलेल्यांना १०,००० पौंड एकरकमी जाहीर केले, पण ते स्वतः कैद्याला किंवा तो हयात नसेल तर त्याच्या जोडीदाराला. त्यातही भारतीय सैन्यातल्या फक्त त्यांनाच, ज्यांना १९५० च्या दशकात ब्रिटनमार्फत आधीच काही रक्कम मिळाली होती. म्हणजे आपले बहुतेक जवान दारातूनच परत. असेच वगळलेले गुरखा सैनिक ब्रिटनच्या कोर्टात गेले आणि २००२ मध्ये जिंकले, तेव्हा कुठे त्यांचं नाव लागलं.

आजी हयात असतील तर मात्र गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना पेन्शन नव्हती त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं. ते कैदेचं नाही, सेवेचं. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, सोबत आजोबांचं डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदीचं पुस्तक) न्या. शेजारच्या आजींचा अर्ज मीच भरला होता. त्यांचं पुस्तक ट्रंकेत लुगड्याच्या घडीत सापडलं, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळेना आणि प्रतिज्ञापत्रातच दोन महिने गेले. पुस्तक हरवलं असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मराठा रेजिमेंट असेल तर बेळगावला.