ओटा इथे, घोडी तिथे

प्रश्न : ताई, माझं वय एकसष्ट, डावा गुडघा कुरकुरतो. सारंगखेड्याच्या यात्रेतून काठेवाडी घोडी आणली. चाल झकास, स्वभाव गरीब. जमिनीवरून मांड टाकणं जमत नाही म्हणून अंगणात दीड फूट उंचीचा विटांचा ओटा बांधला. घोडी ओट्यापर्यंत नीट येते, पण मी रिकिबीत पाय घातला की मागचा भाग पलीकडे फिरवते आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहते. मुलगा म्हणतो, भिंत आणि ओटा यांच्यामध्ये कोंडा, मग कुठे जाईल? तसं करावं का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : भिंतीचा विचार सोडा. बिथरली तर तिला पुढे मुसंडी मारण्याखेरीज वाट राहणार नाही, आणि भिंतीच्या बाजूला तुमचाच पाय असेल.

ओटा बांधलात ते उत्तम केलंत. जमिनीवरून चढताना खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि सगळा ताण घोड्याच्या पाठीवर येतो. तरुणांनीही ओट्यावरूनच चढावं, असं मी शिकवते. तरुण ऐकत नाहीत.

आधी तिला काही दुखतंय का ते पाहा. खोगीर उतरवून कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. कुठे पाठ खाली दबते का? तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे जातात, चावायला येते? असं असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. खोगीर घोडीबरोबर आलं की वेगळं घेतलंत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. रुंद पाठीच्या घोड्याचं जुनं खोगीर काठेवाडीच्या अरुंद अंगावर नीट बसत नाही.

दुखणं नसेल, तर चढताना तुमचा डावा हात काय करतो ते बघा. बहुतेक जण तोल सावरायला डावा लगाम घट्ट धरतात. डावा लगाम ताणला की तोंड डावीकडे वळतं आणि पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, उजवीकडे जातो. म्हणजे घोडी तुमचा हुकूमच पाळतेय! डाव्या हातात लगामाबरोबर आयाळही धरा आणि उजवा लगाम डाव्यापेक्षा बोटभर आखूड ठेवा.

आता शिकवणी. खोगीर न घालता, मोरखी (तोंडावर बांधायची, लोखंडी लगाम नसलेली दोरी) आणि धरायची दोरी लावून ओट्यावर उभे राहा. दोरी डाव्या हातात, उजव्या हातात लांब छडी. आधी छडीने तिची पाठ, पुठ्ठा खाजवा, म्हणजे छडीची भीती जाईल. मग छडी पाठीवरून पलीकडे नेऊन उजव्या पुठ्ठ्यावर हलकेच टिचक्या मारत राहा. तिने तुमच्याकडे एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी थांबा. टिचकी थांबणं हेच तिचं बक्षीस. उशीर केलात तर ती भलतंच शिकेल. लांब गेली तर ओटा सोडून तिच्यामागे जाऊ नका, पुन्हा तिलाच आणा. गड्याला तोंडाशी लगाम धरून उभं करू नका; तोंड अडकलं की पुठ्ठाच फिरतो.

सरळ उभी राहायला लागली की पाठीवर हात टेका, मग तिच्या पाठीवर पोट टेकवून झुका, मग खोगीर घालून रिकिबीत पाय ठेवा आणि काढून घ्या. बसलात तरी लगेच निघू नका. यात्रेत पोरं पाठीवर उडी मारतात आणि क्षणात रेवाल या वेगवान चालीत पळवून दाखवतात. तुमच्या घोडीला वजन पडलं की निघायचं, हेच ठाऊक असणार. बसल्या जागेवरून वाकून गुळाचा खडा द्या, दहा मोजा, मग टाच द्या.

आणि गुडघा डावा दुखतोय ना? मग उजव्या बाजूने चढा. डावीकडून चढायची रीत तलवारीच्या काळातली, कारण ती डाव्या कमरेला लटकायची. घोडीला मात्र उजवी बाजू सगळी नव्याने शिकवावी लागेल, दोरी-छडीचे हात बदलून. ओट्याला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा नसेल, तर आधी ती करून घ्या.