डायनासोरवाल्या बाबाचा टॅक्स आणि तुमचे प्रश्न

मागच्या वेळी टीडीएसबद्दल लिहिताना जाता जाता केंट होविंड ह्या अमेरिकन धर्मप्रचारकाचं नाव घेतलं, एकाच वाक्यात, आणि टीडीएस राहिला बाजूला, निम्मे प्रश्न ह्या बाबाबद्दलच आले. म्हणून ह्या वेळी तेवढेच घेतो. रिफंड अडकलेल्यांनी जरा कळ काढा.

प्रश्न (सांगलीहून): पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे आणि माणसं नि डायनासोर एकत्र राहायचे असं व्हिडिओत सांगतो तोच का हा? खरंच टॅक्ससाठी जेलमध्ये गेला की विरोधकांनी उठवलेली आवई?

उत्तर: तोच. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचा, स्वतःला डॉ. डिनो म्हणवणारा. डॉक्टरेट आहे पण मान्यता नसलेल्या संस्थेची, आणि तो प्रबंध सुरू होतो "नमस्कार, माझं नाव केंट होविंड" अशा थाटात, आमचा चौथीतला 'माझी ओळख' निबंध असाच सुरू व्हायचा. २००१ मध्ये त्यांनी तिथे डायनासोर ॲडव्हेंचर लँड नावाचं पार्क काढलं. शिवाय उत्क्रांतीचा पुरावा आणा आणि अडीच लाख डॉलर घेऊन जा अशी त्यांची जाहीर ऑफर होती. आता गंमत अशी की हाच माणूस सरकारला सांगत होता की माझं उत्पन्न शून्य आहे, मग ते अडीच लाख कुठल्या खिशातून निघणार होते?

आवई वगैरे काही नाही. २ नोव्हेंबर २००६ ला ज्युरीने ५८ च्या ५८ आरोपांत दोषी ठरवलं, जानेवारी २००७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा आणि सहा लाख डॉलरच्या वर भरपाई.

प्रश्न (न्यू जर्सीहून): दादा, इथे तर चर्चला टॅक्सच नसतो. मग हा सापडला कसा?

उत्तर: अख्ख्या प्रकरणातली खरी मजा इथेच आहे. अमेरिकेत चर्चला करमाफीसाठी साधा अर्जसुद्धा करावा लागत नाही, माफी आपोआप असते, वर वार्षिक रिटर्नही माफ, पाद्र्याला घरभाड्याचा जो भत्ता मिळतो त्यावर इन्कमटॅक्सची वेगळी सूट. म्हणजे सरकारने दार उघडून, पाट मांडून, रांगोळी काढून ठेवलेली, ह्यांनी फक्त आत येऊन बसायचं होतं. पण नाही. होविंड म्हणणार, दार मानणं म्हणजे सरकारला मानणं, मी देवाचा माणूस, माझ्याकडचं सगळं देवाचं, देवाच्या कामाच्या पैशावर टॅक्स कसला. १९९६ मध्ये टॅक्सवाल्यांनी, म्हणजे आयआरएसने, गाड्या उचलल्या तेव्हा त्या सोडवायला ह्यांनी दिवाळखोरीचा अर्ज टाकला, तिथेही हीच कथा सांगितली, आणि न्यायाधीशांनी अर्ज वाईट हेतूने केलाय असं म्हणून उडवून लावला. आपल्याकडे यज्ञात आहुती टाकताना 'इदं न मम' म्हणतात ना, तसं, फक्त ह्यांच्यात म्हणून झाल्यावर चेकबुक परत आपल्याच खिशात जायचं.

बरं, पैसा थोडाथोडका नव्हता. भाषणं, व्हिडिओ, पुस्तकं, पार्क मिळून १९९९ ते २००४ ह्या काळात खात्यात साधारण ५० लाख डॉलर आले. आणि केस झाली ती काय बाबाच्या दानपेटीवर नाही झाली, कामगारांच्या पगारावर झाली. चर्च असो की किराणा दुकान, माणूस पगारावर ठेवला की त्याच्या पगारातून टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी (तिकडची सरकारी पेन्शन योजना) कापून सरकारला भरायची जबाबदारी मालकाची. ह्यांनी काय केलं, तर कामगारांना 'मिशनरी' म्हटलं, पगाराला पगार म्हणायचंच नाही असं ठरवलं, आणि कापायचं काहीच नाही. कोर्टात तीच माणसं येऊन सांगून गेली की आम्ही टाइम कार्ड पंच करायचो, सुट्ट्या मोजून मिळायच्या. साधारण पावणेपाच लाख डॉलर असे थकले.

आणि बोंब मारली कुणी? नास्तिकांनी नाही हो, पेन्साकोलातल्याच एका कट्टर ख्रिश्चन कॉलेजने. त्या कॉलेजच्या एक बाई कोर्टात साक्षीला आल्या, बायबल काही टॅक्स बुडवायला शिकवत नाही असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. बरोबरच आहे, सीझरचं, म्हणजे सरकारचं, सीझरला द्या हे तर आहेच पण मत्तयच्याच शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की मासा पकड, त्याच्या तोंडात नाणं सापडेल, ते माझ्या आणि तुझ्या नावाने मंदिराच्या करापोटी भरून टाक. चमत्कार करून टॅक्स भरलाय राव. बायबलचा शब्दन् शब्द खरा मानणाऱ्या माणसाने नेमकं हेच पान कसं सोडलं कोण जाणे.

प्रश्न (नाशिकहून, व्यापारी): स्वतःच्या खात्यातून स्वतःचे पैसे काढले यात गुन्हा कसला? ४५ आरोप त्याचेच होते म्हणे.

उत्तर: होते. पैसे काढणं हा गुन्हा नाही. तिकडे १०,००० डॉलरच्या वर कॅश काढली किंवा भरली की बँक सरकारकडे रिपोर्ट पाठवते, बस, एवढंच, त्यात तुमच्यावर संशय नसतो की दंड नसतो. पण तो रिपोर्ट जाऊ नये म्हणून मुद्दाम रकमेचे तुकडे पाडले तर तो मात्र गुन्हा, १९८६ पासून. होविंड दांपत्याने जुलै २००१ ते ऑगस्ट २००२ मध्ये ४५ वेळा मिळून ४,३०,५०० डॉलर काढले. भागाकार करून बघा, सरासरी ९,५६६ येते. एकदाही दहा हजारांची रेघ ओलांडली नाही! पृथ्वीचं वय काढताना साडेचार अब्जांचे सहा हजार करणारा माणूस बँकेच्या काउंटरवर एवढा काटेकोर, ह्याचं मला खरंच कौतुक वाटतं. नोटबंदीत ४९ हजारांच्या स्लिपा भरणारे तुमच्याही ओळखीचे असतील (नावं नकोत, मी धंदा करतो). सगळ्यांना वाटतं की मर्यादेच्या जरा खाली राहिलं की आपण दिसत नाही, आणि नेमकं त्यानेच दिसतो.

२००४ मध्ये धाड पडली तेव्हा घरात ४२,००० डॉलर कॅश मिळाली, तेही उत्पन्न नसलेल्या माणसाच्या.

प्रश्न (पुण्याहून, लॉची विद्यार्थिनी): सर, त्यांनी कोर्टात 'खोट्या मस्टर'बद्दल काहीतरी प्ली (आरोप मान्य की अमान्य ह्याचं उत्तर) दिली असं वाचलं. हा काय प्रकार?

उत्तर: बाई, तुम्ही माझा आवडता प्रश्न विचारलात. जुलै २००६ मध्ये पहिल्यांदा हजर केलं तेव्हा राहता कुठे असं विचारल्यावर उत्तर आलं की येशूच्या चर्चमध्ये, जे जगभर पसरलंय. असा पत्ता संतांना शोभतो, जामिनाच्या फॉर्मवर चालत नाही. मग आरोप मान्य की अमान्य? तर म्हणे मला आरोपच समजले नाहीत, आणि मला प्ली द्यायची आहे 'सबॉर्नेशन ऑफ फॉल्स मस्टर' अशी. हा जुन्या लष्करी कायद्यातला शब्द, मस्टर म्हणजे सैनिकांची हजेरी, आणि हजर नसलेले सैनिक कागदावर दाखवणं म्हणजे खोटा मस्टर, दुसऱ्याला तसं करायला लावणं म्हणजे सबॉर्नेशन. टॅक्सच्या केसशी त्याचा संबंध शून्य, तिकडच्या टॅक्सविरोधी मंडळींमध्ये असे भारी शब्द मंत्रासारखे फिरत असतात, बरोबर म्हटला की सरकार पळून जाईल असं त्यांना वाटतं. शेवटी दबावाखाली देतोय असं म्हणत 'दोषी नाही'वर आले.

अमेरिकन वाचकाला ह्यात नुसता विक्षिप्तपणा दिसत असेल पण आपल्याला बोगस मस्टर समजावून सांगायला नको, रोजगार हमीने महाराष्ट्राची ती शिकवणी केव्हाच घेतलीय. फक्त आपल्याकडे कामावर नसलेली माणसं मस्टरवर असायची. ह्यांच्याकडे उलटं, माणसं रोज कामावर, कार्ड पंच करतायत, आणि मालक म्हणतो माझ्याकडे कामगारच नाहीत.

प्रश्न (कोल्हापूरहून): बायकोचं काय झालं?

उत्तर: तिचं नाव जो (Jo) होविंड, ४४ आरोपांत दोषी, शिक्षा एक वर्ष एक दिवस. तिकडे जेलमधले फोन रेकॉर्ड होतात हे जगाला माहीत, तरी नवरा फोनवर गाडीचे नि प्रॉपर्टीचे कागद कसे वाचवायचे ते बोलत बसला, सरकारी वकिलांनी त्या टेप थेट शिक्षेच्या सुनावणीत वाजवल्या.

प्रश्न (साताऱ्याजवळच्या एका गावच्या ट्रस्टचे सचिव): आमच्या देवस्थानात पण कामाला असणाऱ्यांना आम्ही सेवेकरीच म्हणतो. काळजीचं कारण आहे का?

उत्तर: म्हणा की, शब्दाला टॅक्स नाही. जो सणावाराला येतो, वाढतो, प्रसाद घेऊन जातो तो सेवेकरीच. पण जो महिन्याच्या एक तारखेला पैसे घेतो त्याला काहीही म्हणा, तो पगारदार. ट्रस्टचं उत्पन्न करमुक्त असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पगारातला टीडीएस कापणं वेगळं, पगार करपात्र असेल तर कापावाच लागतो, आणि माणसं वीस किंवा जास्त झाली की पीएफही लागतो. तुमचं रजिस्टर घेऊन या एकदा, चहा माझ्याकडून.

प्रश्न (ठाण्याहून): पार्क तरी नीट कायदेशीर होतं का?

उत्तर: बांधकाम परवाना नव्हता. ५० डॉलरचा परवाना. देवाच्या इमारतीला काउंटीची (म्हणजे जिल्हा प्रशासनाची) परवानगी कशाला, असं म्हणत काही वर्षं भांडले, २००६ मध्ये ६७५ डॉलर दंड भरून मिटवलं, आणि वकिलांवर खर्च त्यांच्याच अंदाजाने ४० हजार. माझे काही क्लायंट आठवले.

प्रश्न (न्यू जर्सीवालेच, परत): आता काय करतात?

उत्तर: पेन्साकोलाची मालमत्ता सरकारने घेतली, त्यावर हक्काचे कागद दाखल करत बसले म्हणून २०१५ मध्ये परत खटला उभा राहिला, त्यातून मात्र सुटले आणि त्याच उन्हाळ्यात बाहेर आले. अलाबामात नवं डायनासोर पार्क काढलं. आणि २०२० मध्ये उलट सरकारवरच दावा ठोकला, ५३ कोटी डॉलरच्या वरचा, तो कोर्टाने फेटाळला. मला एकच हुरहुर लागून राहिली, समजा मिळालेच असते, तर रिटर्नमध्ये त्या रकमेपुढे त्यांनी काय लिहिलं असतं?