छपरावर चढणाऱ्यांचा विमा

प्रश्न : गुहागरजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. कुजलेले वासे बदलून पावसाआधी कौलं पुन्हा चढवायची आहेत. ह्यूस्टनला राहणारा मुलगा म्हणतो, लायसन्स आणि विमा बघितल्याशिवाय कंत्राटदाराला काम देऊ नका. इथे लायसन्स कसलं बघायचं?

उत्तर : छपराच्या कंत्राटदाराला वेगळं सरकारी लायसन्स आपल्याकडे नाही, तेव्हा ते शोधत बसू नका. तुमचा मुलगा राहतो त्या टेक्सासमध्येही राज्याचं असं लायसन्स नाही, आणि खाजगी मालकावर कामगार भरपाईच्या विम्याची, म्हणजे कामावर माणूस जखमी झाला किंवा दगावला तर भरपाई देणाऱ्या विम्याची, सक्तीही नाही. फ्लोरिडात लायसन्स लागतं. कॅलिफोर्निया त्याहून कडक. तिथे छपराच्या कंत्राटदाराच्या हाताखाली एकही माणूस नसला तरी त्याला हा विमा काढावाच लागतो.

विम्याबद्दल मात्र मुलाचं म्हणणं सोळा आणे खरं. विमा कंपनीत मी वर्षानुवर्षं अपघाताचे दावे बघितले. कमावता माणूस कंबर मोडून पडलेला आणि कंत्राटदार फोन उचलत नाही, अशा घरांत जाऊन आलोय, म्हणून कळकळीने सांगतो : ‘आहे हो विमा’ यावर जाऊ नका. कामगार भरपाईच्या पॉलिसीची प्रत मागा. तिच्यावरचं नाव तुम्हाला बिल देणाऱ्याचंच आहे ना, मुदतीत तुमचं काम बसतं ना, कामाच्या स्वरूपात छपराचं काम लिहिलंय ना, हे वाचा. माणसांचा आकडा तर बघाच. पॉलिसी तिघांची आणि वाशांवर सहाजण, असं सर्रास चालतं. पॉलिसी नसेल तर एवढ्या कामापुरती काढायला लावा; हप्ता तुम्ही दिलात तरी हरकत नाही. कंत्राटदार न नेमता थेट रोजावर माणसं लावलीत, तर भरपाईचा प्रश्न तुमच्याच ओटीवर येईल.

तुमच्या घराचा विमा इथे कामाचा नाही. वादळात कौलं उडाली तर तो भरपाई देतो, छपरावरून माणूस पडला तर नाही.

पडवीवर सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर थेट पाय ठेवू देऊ नका. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि दोन वाशांच्या मधे फुटतो. आडवी फळी टाकूनच चढायचं.

शिवाय प्रत्येक कामगाराला पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेबद्दल विचारा. वय १८ ते ७०, हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. शाकारणी, म्हणजे कौलं चढवायचं काम, मे महिन्यात असेल, तर चालू वर्षाचा हप्ता कापला गेलाय का, हे पासबुकात आधीच बघून घ्यायला सांगा.