लुगड्याला डाग लागतोय, पण रक्त नक्की कुठलं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई ६८ च्या, पाळी जाऊन १८ वर्षं झाली, दोन महिन्यांत तीनदा लुगड्याला लाल डाग लागला आणि त्या म्हणतात, 'लघवीतून जातंय, उन्हाळी लागलीय.' तासगावात गोळ्या घेतल्या, थांबलं, परत आलं. मी डॉक्टर नाही, पण आमच्या आत्याचं अगदी हेच झालं होतं.

आत्या पहाटे उठून आपलं लुगडं स्वतःच धुवायला लागली, मशीनला देईना. आम्हाला वाटलं, सोवळं वाढलं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "उन्हाळी लागलीया, हुईल कमी." सब्जा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं, मग एका दवाखान्यातून इन्फेक्शनच्या गोळ्यांचे तीन कोर्स. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, एकदाही नाही, आतून तपासणं तर नाहीच. चार महिने गेले. रक्त गर्भपिशवीतलं निघालं.

नऊवारी नेसणाऱ्या बाईला रक्त कुठून आलं ते खरंच कळत नाही; लघवीला बसल्यावर दिसलं की ते लघवीतलंच वाटतं. डाग दिसेल त्या दिवशी पॅड लावायला द्या. लघवी न करताही त्यावर रक्त आलं तर बहुतेक अंगावरून जातंय. पांढऱ्या डब्यात लघवी धरून बघा, आदल्या दिवशी बीट खाल्लेलं नको. मूळव्याध आहे का तेही विचारा. हे फक्त डॉक्टरांना सांगता यावं म्हणून; पुन्हा डाग पडायची वाट बघत बसू नका, अपॉइंटमेंट आजच घ्या.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी तपासायचं. घाबरू नका, अशा दहा जणींत साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. बऱ्याचदा वयामुळे आतली त्वचा पातळ, कोरडी झालेली असते किंवा पॉलिप, म्हणजे छोटा मांसल कोंब असतो. पण शुगर, बीपी, जाड अंग असेल तर अजिबात रेंगाळू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्यावर ढकलून मोकळं होऊ नका, आणि ती मनाने बंदही करू नका.

स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भपिशवीचं तोंड बघतील आणि आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफी सांगतील. ती कशी करतात हे सासूबाईंना घरीच सांगा. आत्या ऐनवेळी टेबलावरून उठून आली होती! गर्भपिशवीचं आतलं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड असेल, किंवा पातळ असूनही रक्त परत परत येत असेल, तर तुकडा तपासायला घेतात. बारीक नळीने, पाळीसारखी कळ येते, थोडा वेळ. नळी गेली नाही तर भूल देऊन क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून घेतात. 'पिशवीच काढून टाकू' असं कुणी आधीच म्हटलं तर तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत हो म्हणू नका. आत्याचं अस्तर ११ मिमी होतं. मिरजेला ऑपरेशन झालं, कॅन्सर सुरुवातीलाच सापडला होता.

रक्त लघवीतलंच ठरलं तर रुटीन आणि कल्चर दोन्ही करा. इन्फेक्शन नसेल, किंवा बरं होऊनही रक्त दिसत असेल, तर युरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या आजारांचे डॉक्टर गाठा. दुखत नाही म्हणून सोडू नका. मूत्राशयातली गाठ बऱ्याचदा न दुखताच रक्त दाखवते. ती दुर्बिणीने बघतात.

गाठी पडायला लागल्या, तासाभरात पॅड भिजलं, चक्कर आली किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी सिव्हिल गाठा.

जाताना आधीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. आणि सासूबाई मुलासमोर बोलणार नाहीत, तेव्हा आत तुम्हीच जा.