सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसले नाही, तरीही डॉक्टर शस्त्रक्रिया का सुचवतात?

सोनोग्राफीत अपेंडिक्स न दिसणे म्हणजे ते निरोगी असणे नव्हे, कारण आतड्यातील वायूमुळे किंवा ते मोठ्या आतड्यामागे दडलेले असल्यामुळे पुष्कळदा दिसतच नाही. निदानाचा खरा आधार रुग्णाची हकीकत आणि तपासणी हाच असतो: बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत ओटीपोटाच्या उजव्या बाजूला उतरते, भूक मरते, मळमळते, आणि डॉक्टरांनी तिथे हळूहळू दाबून हात एकदम उचलला की रुग्ण कळवळतो. या दुखऱ्या जागेचे वर्णन अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये केले होते. रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्यास संशय बळावतो. तरीही शंका उरल्यास सीटी स्कॅन उपयोगी पडतो. दुखणे अचानक थांबले म्हणून मात्र कृपया घरी बसू नका, कारण अपेंडिक्स फुटल्यावरही काही काळ असाच आराम वाटू शकतो.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन, दुर्बिणीद्वारे, तीन लहान छिद्रांतून होते. गुंतागुंत नसल्यास केवळ प्रतिजैविकांनीही उपचार करता येतात. परंतु फिनलंडमधील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सुमारे २७ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली.