‘मनी मेकर’ नावाचं यंत्र घरी आणावं का?

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 46, दोघंही नोकरीत, मुलगा 11 वर्षांचा. साताऱ्याला आजीकडून दोन सुयांवर विणायला शिकल्या, इथल्या थंडीत मोज्यांकडे वळल्या. हातानं एक जोडी पुरी व्हायला तीन आठवडे लागतात, म्हणून आता हँडल फिरवून गोल मोजे विणायचं यंत्र घ्यायचंय. नवं 2,900 डॉलरला, बारा हप्त्यांत. क्रेडिट कार्डावर 2,400 डॉलर थकलेत, व्याज 19.99 टक्के. टीएफएसएमध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, 4,000 आहेत, महिन्याला साधारण 350 उरतात. मुलाच्या आरईएसपीत, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, वर्षाला 1,000 जातात. “नाताळच्या बाजारात मोजे विकले की सहा महिन्यांत पैसे वसूल होतील ना?” असं त्या विचारतात.

ताई, यंत्र घ्या. पण हे नको, आत्ता नको, आणि मुख्य म्हणजे त्या ‘वसूल’च्या भरवशावर नको.

पैसे वसूल होण्याची ही आशा या यंत्राला फार जुन्या काळापासून चिकटलेली आहे. तुमच्या घराजवळच्याच जॉर्जटाउनमध्ये क्रीलमन ब्रदर्स ही यंत्रं बनवायचे, आणि त्यांच्या एका मॉडेलचं नावच ‘मनी मेकर’ होतं. पुढे 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलोची ऑटो निटर होजिअरी कंपनी घरबसल्या कमाईच्या जाहिराती द्यायची: यंत्र आमच्याकडून घ्या, मोजे विणा, ठरलेल्या मजुरीनं आम्हीच परत घेऊ. यंत्राचे पैसे पक्के, मजुरी मात्र मोजे त्यांच्या पसंतीला उतरले तर. पहिल्या महायुद्धात याच जातीच्या यंत्रांवर बायकांनी रेड क्रॉससाठी सैनिकांचे मोजे विणले, आणि ते विकण्यासाठी नव्हतेच. शंभर वर्षांची ही यंत्रं आज कुणाच्या तरी तळघरात नीट चालतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण त्यांच्या जाहिरातीतला हिशेब तेव्हाही कच्चा होता.

आता तुमचा हिशेब मांडू. मोठ्या माणसाच्या जोडीला साधारण 100 ग्रॅम लोकर लागते, 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉनची. तुम्ही लिहिलेली हातरंगी लडी 22 डॉलरची, आणि जोडी 40 ला विकायची. म्हणजे हातात 18. बाजारात टेबलाचं भाडं 75 धरलंय तुम्ही. एका दिवसात बारा जोड्या गेल्या, आणि नवख्या माणसाच्या बारा जाणं म्हणजे चांगलाच दिवस, तर 216 मधून 75 वजा जाऊन 141 उरतात. नळीसारखा भाग यंत्र भराभर विणतं हे खरं, पण पंजाचं टोक शेवटी सुईनंच शिवायचं असतं. मग धुणं, वाळवणं, लेबल लावणं. जोडीला दीड तास धरला तरी बारा जोड्यांचे 18 तास, वर बाजारात उभं राहायचे सात. पंचवीस तासांचे 141 डॉलर म्हणजे तासाला साडेपाचच्या आसपास. आपल्या ओंटारिओ प्रांतात ऑक्टोबर 2025 मध्येच किमान वेतन तासाला 17.60 झालं. कोनवर (मोठ्या शंकूवर) गुंडाळलेली स्वस्त लोकर आणून जोडीचा खर्च 12 वर आणलात तरी तासाला साडेदहाच्या घरातच राहाल.

नव्या यंत्रावर 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, धरला की किंमत 3,277 होते. असे 24 चांगले बाजार केलेत तर ते सुटेल. नाताळचे बाजार वर्षातले मोजके शनिवार-रविवार. सहा महिने सोडा, तीन-चार वर्षं जातील. आणि ती तीन-चार वर्षं तुम्ही स्वतःसाठी एक मोजा विणणार नाही. आजीनं शिकवलेलं काम ‘ऑर्डर पुरी करायची आहे’ म्हणून रात्री अकराला करायला लागाल. मला ही भीती आकड्यांपेक्षा जास्त वाटते.

म्हणून हा खर्च छंदाचा धरा. छंदावर खर्च करण्यात काही चूक नाही. पण छंदाचा पैसा उरलेल्या पैशातून येतो, हप्त्यातून नाही. कार्डावर 2,400 थकलेले असताना वर्षाला 480 च्या आसपास नुसतं व्याज जातंय, महिन्याला 40. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ दोन लड्या लोकर बँकेला देताय. त्यावर आणखी एक हप्ता चढवू नका, मग तो बिनव्याजी म्हणून का विकला जात असेना. टीएफएसएतल्या 4,000 ना हात लावायचा नाही. दोन पगारांच्या घराला तेवढी गंगाजळी कमीच आहे.

यंदा कराचा परतावा 1,100 येईल असं लिहिलंय. तो थेट कार्डावर. उरलेले 1,300 महिन्याच्या 350 नी चार महिन्यांत संपतील. त्यानंतर 350 मधले 125 मुलाच्या आरईएसपीत वळवा, म्हणजे वर्षाची रक्कम 2,500 होईल. त्यावर सरकार 20 टक्के, म्हणजे 500 डॉलर अनुदान देतं. आत्ता तुम्हाला 200 मिळतायत. मागच्या वर्षांचं राहिलेलं अनुदानही एका वेळी एक वर्ष असं भरून काढता येतं, पण त्यासाठी वर्षाला 5,000 लागतील, ते पुढे बघू. मुलगा 11 चा आहे, अनुदान 17 व्या वर्षापर्यंतच मिळतं. उरलेले 225 यंत्राच्या नावानं वेगळे ठेवा. सात महिन्यांत 1,575 होतील. त्यात नवं यंत्र बसत नाही, पण तुम्हीच लिहिलंय की क्रीलमनचं दुरुस्त केलेलं जुनं यंत्र कुणीतरी 1,500 ला देतंय. ते घ्या, किंवा त्याच्यासारखं दुसरं. घरगुती माणसाकडून घेतलं तर एचएसटी लागत नाही. सगळे भाग जागेवर असलेलं जुनं यंत्र सहसा किंमत टिकवून असतं, त्यामुळे नाहीच जमलं तर विकताना बराचसा पैसा परत मिळेल. नव्या यंत्राची किंमत घरी आणल्याबरोबर उतरते.

मधल्या अकरा महिन्यांत हात बसवा. या यंत्रांचे लोक एकत्र जमतात, त्याला ‘क्रँक-इन’ म्हणतात. तिथे दुसऱ्याच्या यंत्रावर टाच विणून बघा. टाचेला अर्ध्या सुया वर उचलून ठेवायच्या, हँडल पूर्ण न फिरवता पुढे-मागे करायचं, दर ओळीला एक सुई वर घ्यायची, मग एकेक परत खाली. विणीला खालून लटकवायचं वजन नीट अडकवलं नाही तर टाके सुटतात आणि अख्खा मोजा सुयांवरून गळून पडतो. सुरुवातीचे आठवडे असेच जातात. कित्येक यंत्रं याच टप्प्यावर पुन्हा विक्रीला येतात. तुम्हाला तेव्हाही मजा वाटली, तर 1,500 डॉलर योग्य जागी जातायत.

विक्रीला माझा विरोध नाही. ओळखीच्यांनी मागितले तर वर्षाला पंधरा-वीस जोड्या द्या, लोकरीचा खर्च तरी निघेल. सतत नफ्यासाठी विकायला लागलात तर ते उत्पन्न कर भरताना टी2125 या धंद्याच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर दाखवावं लागतं. एचएसटीची नोंदणी चार तिमाहींत मिळून 30,000 डॉलरच्या विक्रीपर्यंत सक्तीची नाही, त्याची चिंता नको. बाजारात मांडायचे असतील तर लोकर-नायलॉनचं प्रमाण लेबलवर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत लागेल.

यंत्र बघायला जाल तेव्हा रिबर आहे का ते पहिल्यांदा विचारा. तो वरचा चकतीसारखा भाग नसेल तर एक सुलट एक उलट असा खरा ताणता येणारा काठ निघत नाही, सुया काढून नकली काठ करावा लागतो, आणि नुसता रिबर मागाहून शोधणं महाग पडतं. सिलिंडर, म्हणजे सुया बसतात ती गोल नळी, किती सुयांचा ते मोजा. पातळ मोजेलोकरीला 72 चा बरा, 54 किंवा 60 चा जाड लोकरीला. खाचांमधल्या भिंती वाकलेल्या नाहीत, सुयांच्या आकड्यांची झाकणं मोकळी हलतात, हे बोट लावून बघा. त्या सुया अजून कुठे मिळतात हेही विचारा. आणि आपली लोकर बरोबर न्या. विकणाऱ्याला तुमच्यासमोर काठापासून टाचेपर्यंत विणून दाखवायला सांगा, टाच वळेपर्यंत पैसे काढू नका.