‘नवटाक मारली’ म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

‘नवटाक मारली’ म्हणजे थोडी दारू प्यायली, बहुतेक वेळा देशी किंवा गावठीचा एक छोटा ग्लास. शब्द मात्र दारूचा नाहीच मुळात, तो जुन्या वजनमापातला आहे. किलो-ग्रॅम यायच्या आधीचं कोष्टक आजी-आजोबांना विचारा, अजून पाठ असतं त्यांना:

२ छटाक = १ नवटाक
२ नवटाक = १ पावशेर
४ पावशेर = १ शेर

म्हणजे नवटाक हा शेराचा आठवा भाग, ८० तोळ्यांचा शेर धरला तर १० तोळे, आजच्या हिशोबात साधारण ११७ ग्रॅम. किराणा दुकानात तेल, चहापत्ती असंच मागायचे लोक, ‘नवटाक तेल द्या’ म्हणून, आणि त्याच मापावरून गुत्त्यावरच्या छोट्या मापालाही तेच नाव पडलं. १९६२ पर्यंत मेट्रिक मापं सक्तीची झाली आणि दुकानातली नवटाक गेली, पिणाऱ्यांच्या बोलण्यात तेवढी टिकली (‘पावशेर मारली’ हेही त्याच घरातलं).

फक्त एक लक्षात घ्या, आता काही जण देशीच्या ९० मिलीच्या बाटलीलाच नवटाक म्हणतात, त्यामुळे नव्वदवरून नवटाक झालं असं वाटू शकतं, पण तसं नाहीये, शब्द मिलीलीटरच्या कितीतरी आधीचा आहे.